रणातील तंबूचा मुक्काम : काय मिळते आणि काय मिळत नाही

दिवाळी सरून हवेत गारवा आला की मीरा-भाईंदरमधील कापड व्यापाऱ्यांची कच्छ आणि मारवाडकडे ये-जा वाढते. कोणी अजरखचा माल पाहण्यासाठी भुजला जातो, कोणी पॉपलिन आणि नाईटीच्या कापडासाठी बालोतऱ्याला जातो. पूर्वी हा प्रवास म्हणजे स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोन रात्री आणि दिवसभर पेढ्या फिरणे एवढाच असे. आता घरातील मंडळीही म्हणतात की जाताच आहात तर आम्हालाही पांढरे रण दाखवा, एक रात्र तंबूत राहू. शिवाय आपले काही तरुण व्यापारी हंगामात तिथे स्टॉल लावून माल विकण्याचा विचार करू लागले आहेत.

विचार चांगला आहे. मात्र रणातला मुक्काम म्हणजे नेमके काय, याची माहिती घेतल्याशिवाय बयाना देऊन टाकणारे लोकही पुष्कळ आहेत. जाहिरातीत पांढरा तंबू, चांदणे आणि सजवलेला उंट दिसतो. पाणी, थंडी, धूळ, वीज आणि संडास या गोष्टी जाहिरातीत दिसत नाहीत. लहान व्यापाऱ्याची कमाई बेताची असते. चार माणसांच्या दोन दिवसांच्या मुक्कामाला जो पैसा लागतो, त्यात दुकानाचे एका महिन्याचे भाडे निघू शकते. म्हणून हा हिशोब आधीच मांडलेला बरा.

रण म्हणजे काय

भाईंदरच्या माणसाला रण समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्याने मिठागर पाहिलेले आहे. खाडीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हाने आटवायचे आणि खाली उरलेले मीठ गोळा करायचे, हा आपल्या खाडीकाठचा जुना उद्योग. कच्छचे मोठे रण हे निसर्गाने स्वतःच मांडलेले अवाढव्य मिठागर आहे. पावसाळ्यात त्यात समुद्राचे आणि पावसाचे पाणी शिरते. पाऊस गेल्यावर ते हळूहळू आटते आणि मिठाचा पांढरा थर वर राहतो.

यातून पहिली व्यवहारी गोष्ट निघते. हंगाम नोव्हेंबरपासून सुरू झाल्याची जाहिरात असली, तरी ज्या वर्षी पाऊस जास्त होतो त्या वर्षी नोव्हेंबरात, कधी डिसेंबरातही, रणात पाणी आणि चिखल असतो. पांढरी जमीन पाहायची असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरावा. मिठाचा थर वरून कडक दिसला तरी खाली ओला गाळ असतो. ठरवून दिलेल्या वाटेबाहेर मोटार घालू नये. रुतलेली गाडी काढण्यासाठी तिथे लगेच कोणी मिळत नाही.

राजस्थानातील वाळवंट वेगळे आहे. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत आणि तिथे तंबूंच्या रांगाच रांगा आहेत. तिथे मीठ नाही, वाळू आहे, आणि ती सगळीकडे शिरते. कच्छ आणि जैसलमेर यांचे तंबू एकसारखे दिसले तरी सामान बांधताना हा फरक लक्षात ठेवावा.

जाण्याची वाट आणि परवाना

मीरा-भाईंदरच्या लोकांना गाडी पकडण्यासाठी बोरिवली सोयीचे आहे. वांद्रे टर्मिनसहून सुटणारी कच्छ एक्सप्रेस आणि दादरहून सुटणारी सयाजीनगरी एक्सप्रेस या दोन्ही गाड्या बोरिवलीला थांबतात आणि रात्रभर चालून सकाळी भुजला पोहोचवतात. हंगामात आरक्षण लवकर भरते, म्हणून तिकीट आधी आणि तंबू नंतर, असा क्रम ठेवावा.

भुजपासून धोरडो हे गाव सुमारे ८० किलोमीटर उत्तरेस आहे. वाटेत भिरंडियारा लागते. इथला मावा प्रसिद्ध आहे आणि पांढऱ्या रणाचा परवाना तपासण्याची चौकीही इथेच आहे. परवाना आता संगणकावरूनही काढता येतो. पुढचा मुलूख सरहद्दीचा असल्याने प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र सोबत हवे. आधार कार्डावरील नाव आणि आरक्षणातील नाव एकच असावे. आपल्या समाजात घरचे नाव एक आणि कागदावरचे दुसरे, असे पुष्कळदा असते. अशा वेळी चौकीवर विनाकारण खोळंबा होतो. ड्रोन कॅमेरा नेऊ नये आणि लष्कराच्या ठाण्यांचे फोटो काढू नयेत.

मुक्कामाचे चार प्रकार

पहिला प्रकार धोरडोच्या तंबूनगरीचा. गुजरात सरकारच्या पर्यटन खात्याने २००५ च्या सुमारास तीन दिवसांचा रण उत्सव सुरू केला. तो वाढत वाढत आता तीन-चार महिन्यांचा झाला आहे आणि त्यासाठी शेकडो तंबूंची नगरी उभी राहते. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने धोरडोची गणना जगातील उत्तम पर्यटन गावांत केली. इथे माणशी पॅकेज असते. त्यात राहणे, जेवण आणि भुजहून ने-आण धरलेली असते. पौर्णिमेच्या रात्री आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाव चढतो.

दुसरा प्रकार खासगी कॅम्पांचा. हे धोरडोच्या रस्त्यावर आणि आसपास आहेत. काही उत्तम आहेत, काही फक्त हंगामापुरते उभारलेले आहेत. इथेच जास्त चौकशी करावी लागते.

तिसरा प्रकार भुंग्यांचा. भुंगा म्हणजे बन्नी भागातील गोल मातीचे घर. भिंती जाड, छप्पर गवताचे आणि निमुळते. दिवसा आत थंडावा आणि रात्री ऊब राहते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुज शहरातील पक्क्या इमारती कोसळल्या, पण नीट बांधलेले पुष्कळ भुंगे टिकून राहिले, कारण गोल भिंत चारही बाजूंचा हादरा वाटून घेते. होडका गावात गावकऱ्यांच्या समितीने ‘शाम-ए-सरहद’ नावाने भुंग्यांचा मुक्काम चालवून दाखवला. तिथला पैसा गावात राहतो. कुटुंबासह जाणाऱ्यांना माझ्या मते हा प्रकार तंबूपेक्षा जास्त आरामाचा आहे.

चौथा प्रकार लहान रणाचा. झैनाबाद आणि आसपास झोपडीवजा खोल्या मिळतात. ४,९५४ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य रानगाढवांसाठी राखलेले आहे. पण रणात मुक्काम करणारे खरे जाणकार इथले आगरिया आहेत. मीठ पिकवणाऱ्या या कुटुंबांत कोळी आहेत आणि मियाणा मुसलमानही आहेत. आपल्याकडचे ‘आगर’ आणि तिकडचे ‘आगरिया’ हे शब्द एकाच कामातून आलेले आहेत. पाऊस संपला की ही कुटुंबे मुलाबाळांसह रणात उतरतात, झोपडी बांधतात, जमिनीखालचे खारे पाणी पंपाने उपसून वाफ्यात आणतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. पिण्याचे पाणी टँकरने येते आणि तेच पुरवून वापरायचे असते. अलीकडे पुष्कळांनी डिझेल इंजिनाच्या जागी सौरपंप बसवले आहेत. एका रात्रीत गरम पाणी नाही म्हणून त्रागा करण्यापूर्वी आगरियांची आठवण ठेवावी.

पाणी, वीज आणि संडास

रणात पाणी जागेवर नसते. ते पाइपाने किंवा टँकरने येते. मोठ्या तंबूनगरीत तंबूला लागूनच न्हाणीघर व संडास असतो, नळ असतो आणि ठरावीक वेळी गरम पाणी मिळते. लहान कॅम्पात ‘चोवीस तास गरम पाणी’ असे लिहिलेले असले तरी पहाटे बादलीनेच मिळते. पिण्याच्या पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला निदान चार लिटर धरावा. कोरड्या थंड हवेत तहान लागत नाही, पण शरीरातील पाणी कमी होतच असते. लहान मुले आणि साखरेचा आजार असलेली वडील माणसे यांना याचा त्रास आधी होतो.

विजेबद्दल सरळ प्रश्न विचारावा : तारेची वीज आहे की जनरेटर आहे? जनरेटर असेल तर तो रात्री किती वाजता बंद होतो? एका खासगी कॅम्पात हीटरसह तंबू म्हणून पैसे घेतले आणि रात्री अकराला जनरेटर बंद केला, असा अनुभव मला आला आहे. हीटर तिथेच होता, पण वीज नव्हती. भांडायला जावे तर व्यवस्थापक भुजला निघून गेलेला. म्हणून अशा गोष्टी तोंडी न ठेवता पावतीवर किंवा फोनवरील संदेशात लिहून घ्याव्यात.

मोबाईलचा सिग्नल भुजपासून दूर गेल्यावर कमी-जास्त होत राहतो. हल्ली आपण सगळे फोनवरूनच पैसे देतो. रणाच्या बाजूला थोडी रोकड जवळ ठेवावी, नाहीतर कारागिराच्या दारात माल पसंत पडूनही सौदा अडतो.

थंडी, ऊन आणि वारा

मुंबईच्या बाजूच्या माणसाला थंडीचा अंदाज नसतो. जानेवारीत दिवसा २५ अंशांच्या पुढे ऊन असते आणि पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो. कच्छमधीलच नलिया हे गाव गुजरातमधील सर्वांत थंड ठिकाणांत मोडते. उघड्या रणात वारा अडवायला झाड नाही की भिंत नाही. तंबू कापडाचा असतो, तो वारा थोपवतो पण ऊब धरत नाही. जाड स्वेटर, कानटोपी, मोजे आणि प्रत्येकासाठी एक जादा गोधडी असा बंदोबस्त असावा. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला दव धरते, म्हणून अंथरूण कापडाच्या भिंतीला टेकवू नये.

दिवसा उलट त्रास असतो. मिठावरून उलटून आलेल्या उन्हाने डोळे दिपतात, ओठ फुटतात. काळा चष्मा आणि व्हॅसलिन सोबत ठेवावे. मार्चनंतर रणात कुटुंब नेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो.

औषधांची पिशवी स्वतःची असावी. कॅम्पात प्रथमोपचार मिळतात, पण मोठे रुग्णालय भुजलाच आहे आणि रात्रीचे ८० किलोमीटर कमी नव्हेत.

जेवण आणि नमाज

मोठ्या तंबूनगरीत जेवण शाकाहारी असते. बाजरीचा रोटला, खिचडी-कढी, उंधियो, गूळ, ताक असा बेत असतो आणि तो चांगला असतो. हलाल-हरामची काळजी त्यामुळे तिथे उरत नाही. बन्नीतील गावे बहुतांशी मुसलमान मालधारींची आहेत. म्हशी पाळणे हा त्यांचा पिढीजात धंदा. बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. दूध आणि मावा इथे भरपूर. गावातील घरगुती मुक्कामात आधी सांगितल्यास गोश्ताचा बेतही होऊ शकतो, पण ऐन वेळी मागणी करू नये, कारण जिन्नस भुजहून आणावे लागतात.

नमाजसाठी वाटेवरील गावांत मशिदी आहेत. कॅम्पात राहिल्यास कच्छहून किब्ला साधारण पश्चिमेलाच येतो, सूर्य मावळताना पाहून ठेवला की पुरे. वुजूसाठी पाण्याची एक बाटली तंबूत भरून ठेवावी. पहाटे नळाला पाणी असेलच असे नाही.

माल कसा सांभाळावा

आपण कापडवाले. खरेदी केलेला माल रात्रभर तंबूत राहणार असेल तर तीन शत्रू ध्यानात ठेवावे : मीठ, दव आणि धूळ. मीठ हवेतील ओल ओढून घेते. मिठाळ जमिनीवर ठेवलेला कापडाचा गठ्ठा सकाळी खालून दमट लागतो आणि मुंबईला येईपर्यंत त्याला वास सुटतो. गठ्ठा खाटेवर किंवा लाकडी फळीवर ठेवावा, आत प्लास्टिकचे अस्तर घालावे आणि बाहेरून गोणपाट बांधावे. जरीचा माल आणि तांब्या-पितळेचे दागिने खाऱ्या हवेत लवकर काळवंडतात. ते हवाबंद पिशवीत ठेवावेत. जैसलमेरकडे बारीक वाळू शिलाई मशीनच्या आत जाते, म्हणून स्टॉलवर दुरुस्तीसाठी मशीन नेणाऱ्यांनी ती रात्री झाकून ठेवावी आणि परत आल्यावर उघडून साफ करून तेल घालावे.

आगीबद्दल गंभीरपणे

तंबू म्हणजे कापड, दोर आणि बांबू. वारा असेल तर आग एका तंबूवरून दुसऱ्यावर काही मिनिटांत जाते. हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १५ एप्रिल १९९७ रोजी हजच्या वेळी मिनाच्या तंबूंना आग लागली आणि ३४३ हाजी मरण पावले. त्यानंतर सौदी सरकारने कापडी तंबू काढून आग न धरणाऱ्या, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे कायमचे तंबू बसवले. तंबूत स्वयंपाकाचा गॅस नेण्यास बंदी केली आणि पाण्याचे फवारे बसवले.

आपल्याकडील प्रत्येक हंगामी कॅम्प या दर्जाचा नसतो. पोहोचल्याबरोबर दोन तंबूंत किती अंतर आहे, आग विझवण्याचे नळकांडे कुठे आहे आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट कुठली, हे पाहून घ्यावे. तंबूत बिडी-सिगारेट, उदबत्ती, डासांची अगरबत्ती, शेगडी काहीही पेटवू नये. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद तंबूत घेणे तर सर्वांत वाईट. तिचा धूर दिसत नाही, वास येत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही.

स्टॉल लावणाऱ्यांसाठी

जे भाऊ तिथे माल विकू पाहतात त्यांनी कायद्याची बाजू आधी पक्की करावी. महाराष्ट्रातील जीएसटी नोंदणीवर गुजरातमध्ये तात्पुरता स्टॉल लावून विक्री करता येत नाही. त्यासाठी ‘कॅज्युअल करदाता’ म्हणून त्या राज्यात वेगळी नोंदणी करावी लागते. अर्ज विक्री सुरू होण्याच्या निदान पाच दिवस आधी करायचा असतो, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू विकणाऱ्या लहान कारागिरांना यात सवलत आहे. आपला माल त्यात बसतो की नाही, हे आपल्या हिशोबनिसाला विचारावे. पन्नास हजार रुपयांवरील माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल हवे.

दुसरी गोष्ट मालाची. धोरडोच्या बाजारात येणारे गिऱ्हाईक कच्छी काम शोधत असते. तिथे सुरतेचा छापील माल ‘हातचे काम’ म्हणून खपवणे हा अल्लाहकडेही गुन्हा आणि कायद्यानेही. कच्छी भरतकाम, कच्छी शाल आणि २०२४ पासून कच्छी अजरख यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते नाव खोट्या मालाला लावता येत नाही. आणि धंद्याच्या नजरेने पाहिले तरी हा तोट्याचा सौदा आहे, कारण शेजारच्या स्टॉलवर खरा कारागीर बसलेला असतो. आपण आपला माल आपल्या नावाने विकावा. मुंबईचे तयार कपडे, मुलांचे स्वेटर, टोप्या, मोजे, गोधड्या यांना तिथल्या थंडीत हमखास मागणी असते, कारण बहुतेक प्रवासी गरम कपडे कमीच आणतात.

कारागिरांशी सौदा

मुक्काम रणात असला तरी खरेदी भुजच्या आसपासच होते. भुजपासून थोड्या अंतरावर अजरखपूर आहे. पूर्वी खत्री कुटुंबे धमडका गावात छपाई करीत. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचा अंश वाढला. रंगकामाला असे पाणी चालत नाही, लोहाने रंग काळपट होतो. म्हणून काही कुटुंबांनी पाणी पाहून नवी जागा घेतली आणि अजरखपूर वसवले. या कामात पुढे असलेले इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडमधील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. पाण्यासाठी गाव हलवणारे हे लोक आहेत, हे घासाघीस करताना विसरू नये.

खऱ्या अजरखला कापड धुणे, हिरड्यात बुडवणे, चुना-डिंकाची छपाई, गंजलेल्या लोखंड व गुळाचा काळा रंग, तुरटी, नीळ, पुन्हा धुणे, मंजिष्ठ किंवा अलिझारिनमध्ये उकळणे अशा चौदा-पंधरा पायऱ्या असतात. माल तयार होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे ‘उद्या शंभर ताग द्या’ असे म्हणणाऱ्यास एक तर नकार मिळतो किंवा स्क्रीनची नक्कल मिळते. ऑर्डर ऑक्टोबरात द्यावी आणि मुक्कामाला जाल तेव्हा माल उचलावा, ही पद्धत दोघांच्याही फायद्याची आहे.

निरोणा गावात रोगणकाम पाहावे. एरंडेल उकळून केलेल्या रोगणाने कापडावर नक्षी काढण्याची ही कला खत्री कुटुंबाने जिवंत ठेवली. अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच गावात लोहार तांब्याच्या घंटा घडवतात आणि वाढा लोक लाखेचे काम करतात. धोरडोच्या मुतवा बायकांचे आरसेकाम तर इतके बारीक असते की ते पाहूनच भाव समजतो.

चाकांवरचे घर

आता आणखी एक प्रकार ऐकू येतो तो घरगाडीचा, म्हणजे कॅरॅव्हॅनचा. गाडीतच बिछाना, चूल आणि संडास. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. गाडी असली तरी तिला तीन गोष्टी लागतात : विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि घाण पाणी सोडण्याची जागा. या तिन्ही गोष्टी देणाऱ्या तळाला अमेरिकेत आरव्ही पार्क म्हणतात. रणाकडे असे तळ अजून तुरळक आहेत. तळ नसेल तर पाणी टाकीत भरून न्यायचे आणि घाण पाणी टाकीतच परत आणायचे, ते रणात सोडायचे नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात क्वार्टझाइट नावाचे वाळवंटी गाव आहे. कायमची वस्ती काही हजारांची, पण हिवाळ्यात हजारो घरगाड्या तिथे येऊन उतरतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना काढून राहता येते. जानेवारी-फेब्रुवारीत रत्ने, दगड आणि जुन्या-नव्या मालाचा मोठा बाजार भरतो. म्हणजे मुक्काम आणि व्यापार तिथेही हातात हात घालून चालतात. गंमत म्हणजे त्या गावची सर्वांत प्रसिद्ध खूण एका उंटवानाची कबर आहे. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटातून सामान नेण्यासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवान आला. अमेरिकनांना नाव उच्चारता येईना, ते त्याला ‘हाय जॉली’ म्हणू लागले. तो १९०२ मध्ये तिथेच वारला. १९३५ मध्ये त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड बांधला, त्याच्या टोकावर उंट आहे.

तंबूमागचा आपला धंदा

रणातील तंबूकडे आपण प्रवासी म्हणून पाहतो, पण कापडवाल्याने त्याकडे माल म्हणूनही पाहिले पाहिजे. एक चांगला तंबू म्हणजे बाहेर जाड सुती कॅनव्हास किंवा लेप दिलेले कापड, आत छापील अस्तर, मध्ये हवेची पोकळी, कनाती, पडदे, गाद्या, चादरी, उशांचे अभ्रे, दरी आणि शेकडो मीटर नवार व दोर. दुहेरी छताने दिवसाची उष्णता कमी होते. सुती कॅनव्हास पहिल्यांदा भिजला की धागे फुगतात आणि विणीतील छिद्रे बंद होतात. म्हणून नवा तंबू एकदा भिजवून वाळवून मगच वापरावा, असे जुने कारागीर सांगतात.

शामियाने आणि कनाती शिवण्याचे काम आपल्या समाजातील दर्जी व मंडपवाले पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. वाळवंटातील कॅम्पांना दर हंगामाआधी तंबूंची दुरुस्ती, नवे अस्तर आणि अंथरूण-पांघरूण लागते. ही मागणी पावसाळ्यात निघते, जेव्हा आपल्याकडच्या शिलाई कारखान्यांत काम कमी असते. जे तिथे मुक्कामाला जातील त्यांनी व्यवस्थापकाला भेटून एक नमुना दाखवून यावे. आगरोधक प्रक्रिया केलेल्या कापडाची चौकशी आता सगळीकडे होते, तेव्हा प्रक्रियेचा दाखला असलेला मालच दाखवावा.

बयाना देण्यापूर्वी

शेवटी थोडक्यात. बयाना देण्यापूर्वी हे प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत : संडास तंबूला लागून आहे की सामायिक? गरम पाणी कोणत्या वेळी? वीज कुठली आणि रात्रभर आहे का? जेवण, परवाना आणि भुजहून ने-आण भावात धरली आहे का? पौर्णिमेला किंवा सुटीला जादा दर आहे का? मोठ्या आवाजाची गाणी किती वाजेपर्यंत चालतात? रद्द केल्यास किती पैसे परत आणि किती दिवसांत? मालाचा गठ्ठा ठेवण्यास कुलपाची जागा आहे का?

आठपैकी सहा प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली तर तिथे जावे. टोलवाटोलवी झाली तर भुज शहरात खोली घ्यावी, दिवसा रण पाहून रात्री परत यावे. त्यातही सफर पुरी होते, मुलांना मिठाचे मैदान पाहायला मिळते आणि वाचलेल्या पैशांत अजरखचे दोन तागे जास्त येतात.